शेवटचं आळं

हिरी आजारी आहे हे लाहू करबटच्या ध्यानात आलं, ते तिने शिव्या दिल्या नाहीत म्हणून.

ताप दोन दिवस होताच. गवत कापताना विळा घोट्याजवळ लागला होता. तिने जखमेवर पाला चुरून बांधला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गवताला गेली. असल्या जखमांचं आणि तापांचं त्या घरात कुणाला कौतुक नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी लाहूच्या हातून पेजेचं भांडं चुलीतच कलंडलं, राख घरभर उडाली, आणि हिरी कुडाला टेकून नुसती बघत राहिली. एरवी एवढ्या गुन्ह्याला लाहूच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. तो राखेच्या पायांनीच धावत सुटला आणि शेजारच्या घरातून लेकीला, संगीताला, घेऊन आला. संगीताने आईचं कपाळ चाचपलं, पायाची सूज बघितली आणि सरळ अँब्युलन्सला फोन लावला.

हिरीचा आवाज तलासरीच्या निम्म्या पाड्यांच्या ओळखीचा होता. ती धवलेरी. तिकडे लग्न लावायला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती बसून गाते आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. हिरी एकदा गायला बसली की दोन पाडे पलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. आता असा आवाज घरात चोवीस तास असला म्हणजे नवऱ्याचं काय होत असेल? लाहू चाळीस वर्षं दिवसातून दहा वेळा एकच वाक्य म्हणत आला होता. "गप बस गं जरा." तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि आता अँब्युलन्समध्ये, तलासरीहून डहाणूपर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांतून, ती एक शब्द बोलली नाही. लाहूला वाटलं, आपणच सांगून सांगून हिला गप्प केलं की काय.

डहाणूचा तो दवाखाना लहान होता आणि त्याचा आयसीयू त्याहून लहान. चार खाटा, एक काचेचा दरवाजा आणि सारखी पिपाणी वाजवणारी यंत्रं. बाहेरच्या बाकावर लाहू आणि संगीता बसले होते. दरवाजा उघडून नर्सने विचारलं, "हिराबाई करबटचे नातेवाईक कोण?" लाहूनेही मान वळवून चौकसपणे इकडेतिकडे बघितलं, की बुवा कोण बिचारे ते. शेवटी संगीताने त्याला कोपर मारलं. घरी, पाड्यावर, बाजारात सगळीकडे ती हिरीच होती. हिराबाई फक्त आधार कार्डावर होती.

नर्सचं नाव हर्षदा तांडेल. धाकट्या डहाणूची, कोळ्यांच्या घरातली, आवाज खणखणीत आणि चाल अशी की समोरच्याने बाजूला व्हावं. डॉक्टर होते धनेश चुरी. चाळिशीचे, केस विंचरायला वेळ न मिळालेले. त्यांनी लाहूला खाटेजवळ नेलं आणि समजावून सांगितलं. जखमेतला पू रक्तात उतरलाय. अँटिबायोटिक चालू केलंय. पण रक्तदाब पडलाय, म्हणून हे दुसरं औषध, या पंपातून थेंब थेंब जाणारं. ते रक्तदाब धरून ठेवतं.

"मग हाय ना धरलेला," लाहू म्हणाला. यंत्रावरच्या आकड्यांकडे बघून हर्षदाने मान डोलावली होती, ते त्याने टिपलं होतं.

"धरलाय. पण तेवढ्याने भागत नाही. काका, तुम्ही काम काय करता?"

"झाईला चिकूच्या वाडीत पाणी लावतो. तीस वर्सं झाली."

डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. चुरी मंडळींच्या घरची पण वाडीच होती. "मग तुम्हाला सांगायलाच नको. पंप जोरात चाललाय, विहिरीत पाणी आहे, पाट भरून वाहतोय. म्हणजे झाडांना पाणी मिळालं का?"

लाहू हसला. असले प्रश्न नव्या गड्याला विचारायचे. "कसं मिळंल? पाट मधीच खेकड्याने फोडला तर? पंप कितीबी बोंबलू दे, शेवटचं आळं कोरडंच."

"मग तुम्ही काय करता?"

"शेवटच्या झाडाजवळ जाऊन उभा राहतो. त्याचं आळं भरलं तर सगळ्या वाडीला पोचलं."

"बस," डॉक्टर म्हणाले, "तेच करायचंय. रक्तदाब म्हणजे तुमचा पंप. आणि हे बोट म्हणजे शेवटचं आळं."

त्यासाठी एक नवं यंत्र आलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजने महिनाभर वापरून बघायला दिलेलं, टिफिनच्या डब्याएवढं. त्याला एक चिमटा, चिमट्यात लाल उजेड. सुई नाही, टोचणं नाही. उजेड कातडीतून आत जायचा आणि तिथे रक्त किती खेळतंय त्याचा एकच आकडा पडद्यावर यायचा. वीसच्या वर गेला तर छान. दहाच्या खाली उतरला तर यंत्र रडायला लागायचं. हर्षदाने आधी उजेडाची चकती हिरीच्या हातावर, मनगटाच्या वर, चिकटवून बघितली होती. पण तिथे हिरीचं गोंदण. कोपरापासून मनगटापर्यंत ठिपके, रेघा, डोंगर, झाडं. त्या काळ्यानिळ्या शाईत उजेड अडकला आणि यंत्राने भलतेच आकडे फेकले. मग चिमटा बोटाला लागला. आकडा आला सहा.

"वीसच्या वर गेला ना काका," डॉक्टर म्हणाले, "की चहा माझ्याकडून."

आयसीयूत नातेवाइकांना थांबू देत नसत. पण हिरी तापात हात झटकायची, चिमटा उडवायची, सलाइनच्या नळीला हात घालायची. लाहूने तिचा हात धरला की तेवढी शांत व्हायची. दोनचार वेळा हे बघितल्यावर हर्षदाने एक स्टूल आणून खाटेजवळ ठेवलं. "बाबा, इथे बसायचं. चिमटा पडला की मला हाक मारायची. यंत्र रडलं तरी हाक मारायची. बाकी कशाला हात नाही लावायचा." संगीता पोरांसाठी घरी गेली आणि लाहू स्टुलावर बसला.

बसून बसून माणूस किती बसेल? हर्षदा दर तासाला येऊन हिरीचं नख दाबून बघायची. ते काय, म्हणून त्याने विचारलं. तिने त्याच्याच बोटावर करून दाखवलं. नख दाबून धरायचं, दहा मोजायचे. सोडलं की ते पांढरं दिसतं. मग पुन्हा मोजायचं, लाली परत यायला किती लागले ते. तीनच्या आत आली तर रक्त पोचतंय.

लाहूने लगेच मोजलं, "एकदोनतीनचार," आणि काळजीत पडला.

"अहो, एवढ्या घाईत नाही! तुम्ही वाडीत चिकू मोजून टाकता ना क्रेटमध्ये? तसं. एक चिकू. दोन चिकू."

हे मात्र त्याला बरोबर जमलं. चिकू आपटून टाकायचा नसतो, हळू ठेवायचा असतो, त्यामुळे त्याचा सेकंद अगदी घड्याळाचा निघाला. मग काय, त्याने दिवसभरात साफसफाईच्या मावशींचं नख दाबलं, समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मुलाचं दाबलं, जेवणाचा डबा घेऊन आलेल्या माणसाचंही दाबलं आणि सगळ्यांना तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. हिरीला लागत होते पाच चिकू. कधी सहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोष्ट घडली.

आकडा सकाळपासून नऊ आणि अकराच्या मध्ये लोंबकळत होता. नऊ झाला की यंत्र रडायचं, हर्षदा यायची, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावायची, अकरा व्हायचा, पुन्हा नऊ. हिरीचं कपाळ प्रत्येक वेळी आक्रसायचं. चिमट्याने तिच्या तीन बोटांवर वळ उठले होते. दुपारी तीनच्या सुमाराला तिचा नुकता कुठे डोळा लागला, आणि यंत्राने पुन्हा गळा काढला. हर्षदा समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या घशातला कफ काढण्यात गुंतली होती. लाहूने हाक मारायला तोंड उघडलं आणि हिरीच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठ सुकलेले.

दमलीय बिचारी, त्याला वाटलं. दोन दिवस हे एकटीच वाहतेय.

आता लाहूच्या डोक्यात काय आलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण नंतर डॉक्टरांनाही ते लवकर समजलं नाही. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ही दोघं बाजाराला निघत, तेव्हा भारा एकच असायचा. अर्धी वाट हिरी, अर्धी वाट लाहू. वडाखाली पोचलं की तिने नुसतं थांबायचं. न बोलता त्याने भारा आपल्या डोक्यावर घ्यायचा. जन्मभर असंच चाललेलं. आणि लाहूला त्या चिमट्याचं जे काही कळलं होतं त्यात हे बसत होतं, की यंत्राला एक बोट हवं, आणि बोटाला ते जड जातं. तर घटकाभर आपण घेऊ. तिचा एक डोळा लागेपर्यंत. पुन्हा लावू.

त्याने हळूच चिमटा काढला आणि आपल्या मधल्या बोटाला लावला.

यंत्र गप्प झालं. पडद्यावर आकडा आला: एक्केचाळीस.

लाहूला हसूच आलं. एक्केचाळीस! म्हातारा झाला तरी गडी अजून दमदार आहे म्हणायचा. हिरीने झोपेत सुस्कारा टाकला. लाहूने आपला हात चादरीखाली, तिच्या हाताशेजारी सरकवला. यंत्राची पिपाणी थांबल्यावर त्या खोलीत किती बरं वाटत होतं. समोर पंखा फिरत होता. त्याचाही डोळा लागला.

जाग आली ती डॉक्टरांच्या आवाजाने. "वा वा वा! एक्केचाळीस! हर्षदा, हे कधीपासून?"

"अर्धा तास झाला सर. एकदम चढला. मी पण म्हटलं, अँटिबायोटिकने पकडलं बहुतेक."

"रक्तदाब?"

"आहे तेवढाच आहे."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी खरोखरच चहा मागवला. कागदी कपातला चहा आला, लाहूला दिला. लाहूने तो डाव्या हाताने घेतला. उजवा चादरीखाली होता आणि आता बाहेर कसा काढावा ते त्याला कळेना. सांगायचं होतं त्याला. पण सगळे हसत होते, मावशीसुद्धा हसत होत्या, आणि हसणाऱ्या माणसांना मध्येच थांबवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चहा पिऊ, मग सांगू, हळूच.

"बघा काका," डॉक्टर म्हणाले, "शेवटच्या आळ्यात पाणी पोचलं. आता पंपाला कशाला त्रास द्यायचा? हर्षदा, औषध कमी करत आणू. आत्ता एक टप्पा खाली घे, अर्ध्या तासाने आणखी एक."

हर्षदाने पंपावरचं बटण दोनदा दाबलं. टिक, टिक.

लाहूच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

तरणा असताना त्याने एकदा असंच केलं होतं. कुंपणापलीकडच्या दुसऱ्याच वाडीतलं भरलेलं आळं लांबून बघितलं, आपलंच समजला, आणि पंप बंद करून घरी गेला. मे महिना होता. चौथ्या दिवशी शेवटच्या रांगेतली तीन कलमं वाळून गेली. ती कलमं आजही त्याला आठवत होती. आणि आज, त्याच्या डोळ्यांदेखत, पाणी त्याच्या आळ्यात होतं आणि पंप हिरीचा उतरत होता.

त्याने चादरीखाली हिरीचं बोट चाचपलं. थंडगार. नख दाबून धरलं, सोडलं, चादरीची कड जरा वर केली.

एक चिकू. दोन चिकू. तीन चिकू. चार चिकू. नख पांढरंच. पाच. सहा. सात चिकू.

आता पुढचा क्षण मोठा कठीण होता. बोललो तर हे हाकलून देतील, पुन्हा आत घेणार नाहीत, हिरी हात झटकत राहील आणि धरायला कुणी नसेल. सगळ्या दवाखान्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि नाही बोललो तर अर्ध्या तासाने पुन्हा टिक, टिक.

लाहूने उजवा हात चादरीतून वर काढला, शाळेतल्या पोरासारखा सरळ वर. मधल्या बोटाला चिमटा, चिमट्यात लाल उजेड. दुसऱ्या हातातला चहा अर्धा चादरीवर सांडला.

"डाक्टर, हे माझं हाय," तो म्हणाला. "एक्केचाळीस माझं हाय. हिचं सात चिकू. पंप वाढवा!"

मग हर्षदाचा हात पंपाकडे गेला. टिक टिक, टिक टिक. डॉक्टरांनी लाहूच्या बोटाचा चिमटा ओढून हिरीच्या बोटाला लावला. सात. यंत्राने गळा काढला. डॉक्टरांनी वर टांगलेल्या सलाइनची चावी पूर्ण सोडली, पाय उंच करायला सांगितले, आणखी एक बाटली मागवली. सगळं भराभर, न बोलता. सगळं मार्गी लागल्यावर मग हर्षदा वळली.

"बाबा! येड लागलं कं तुम्हाला? चिमटा आपल्या बोटाला लावतात कं कुणी? ती बाई तुमची आहे ना? मेली असती म्हणजे?"

"ती दमली होती," लाहू म्हणाला. "म्हटलं घटकाभर मी घेतो."

"काय घेतो?"

त्याला सांगता येईना. गवताचा भारा, वडाचं झाड, अर्धी वाट, हे सगळं त्या खोलीत कसं सांगणार? डॉक्टरांनी दरवाज्याकडे बोट दाखवलं. लाहू बाहेर जाऊन बाकावर बसला.

तिथे तो रडला. लाजलज्जा सोडून, टॉवेल तोंडाला लावून रडला. शेजारी बसलेल्या वाणगावच्या एका बाईने त्याला पाणी दिलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं. "कोणी नाय गेलं अजून," तो म्हणाला आणि आणखी रडला. आधी मी बायकोला गप बस सांगितलं, मग यंत्राला गप्प केलं, आपल्याला गप्प करण्याशिवाय दुसरं काही येतच नाही, असं त्याच्या मनात घोळत राहिलं.

तासाभराने दरवाजा उघडला. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"आता बरं आहे," ते म्हणाले. "वेळेत वाढवलं औषध. आकडा पुन्हा दहावर आलाय." मग म्हणाले, "काका, मला ते भाऱ्याचं काय ते सांगा. तुमचं ते 'घटकाभर मी घेतो' संगीताला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, हे गवताच्या भाऱ्यासारखं झालं."

लाहूने सांगितलं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत.

"तुमची एक चूक झाली," ते म्हणाले. "माझ्या दोन. आकडा एकदम चौपट होतो आणि मी चहा मागवतो. नख दाबून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही दाबलंत. मी पडदा बघितला, बाई बघितलीच नाही." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "शिवाय तुम्ही हात वर केलात. गप्प बसला असतात तरी कुणाला कळलं नसतं."

आतून हर्षदाचा आवाज आला. "सर, त्यांना पाठवा आता! ही बाई पुन्हा हात झटकतेय. माझ्याने धरवत नाही."

लाहूला आत घेतलं, पण अटी घालून. पहिली अट, दोन्ही हात कायम चादरीच्या वर, सगळ्यांना दिसतील असे. दुसरी अट डॉक्टरांची होती. दर अर्ध्या तासाने नख दाबायचं, मोजायचं, आणि हर्षदाला सांगायचं. हर्षदाने खाटेच्या पायथ्याला एक कागद चिकटवला. एका बाजूला यंत्राचा आकडा, दुसऱ्या बाजूला चिकू. तिने खरंच वरती "चिकू" असंच लिहिलं. दुसऱ्या पाळीची नर्स आली, ती तो कागद बघून चक्रावली. तिला वाटलं पेशंटला फळं चालू केली.

लाहूने त्या कामात कसूर केली नाही. सहा चिकू. सहा. पाच. पाच. रात्री त्याला बाहेर पाठवून हर्षदाच्या जागी आलेली नर्स मोजायची, सकाळी सहाला तो पुन्हा हजर. यंत्र म्हणायचं बारा, लाहू म्हणायचा पाच. यंत्र चौदा, लाहू चार. एकदा यंत्र एकदम सात म्हणालं आणि सगळे धावले, पण लाहू जागचा हलला नाही. "चारच हाय," तो म्हणाला. "चिमटा बघा." चिमटा खरंच अर्धा सटकलेला होता. त्या दिवसापासून डॉक्टर राउंडला आले की आधी स्टुलाकडे बघून विचारायचे, "काका, चिकू किती?" आणि मग पडद्याकडे वळायचे.

चौथ्या दिवशी, दुपारची वेळ. ऊन खिडकीतून खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. लाहूने नख दाबलं, दहा मोजले, सोडलं.

"एक चिकू," तो म्हणाला. "दोन चि..."

नख लाल झालं होतं. त्याचा विश्वास बसला नाही. पुन्हा दाबलं, जरा जोरातच.

"चिकू कसलं मोजतंस डोकऱ्या? माझं बोट हाय ते. मोडशील कं?"

आवाज चिरका होता, खोल गेलेला, पण त्या आवाजाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. लाहू स्टुलावरून उठला. चाळीस वर्षांत हिरी बोलायला लागली की त्याच्या तोंडात एकच वाक्य तयार असायचं, आणि आता ते कामाचं नव्हतं.

"बोल," तो म्हणाला. "आणखी बोल."

"काय बोलू? घसा सुकलाय. पाणी देशील का उभाच राहशील ठोंब्यासारखा? आणि तो सदरा किती दिवस घातलास? वास येतो."

"आणखी," लाहू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. हर्षदा पाण्याचा चमचा घेऊन आली तेव्हा तिलाही नाक पुसावं लागलं. मग तिने पडद्याकडे बघितलं. चोवीस. तिने कागदावर लिहिलं: चोवीस, आणि शेजारी, दोन चिकू.

आणखी आठ दिवसांनी हिरीला घरी सोडलं. जखम भरत आली होती, आवाज त्याहून लवकर भरला होता. शेवटच्या दोन दिवसांत तिने समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला अर्धं लग्न गाऊन दाखवलं होतं, आणि म्हातारा म्हणे नवरदेवासारखा लाजला. निघताना डॉक्टर, हर्षदा, मावशी सगळे दरवाज्यापाशी जमले. संगीताने तोवर आईला एक्केचाळीसची सगळी हकिगत सांगितली होती, सगळ्या दवाखान्याला ती पाठच झाली होती. लाहू खाली मान घालून पिशवी भरत होता. आता सात पिढ्यांचा उद्धार होणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट बघत होता.

पण हिरीने त्याचा हात ओढून घेतला, मधलं बोट पकडलं आणि नख दाबून धरलं. सोडलं. नख झटकन लाल झालं. एक चिकू मोजायलाही वेळ मिळाला नाही.

"ह्याचं आळं भरलेलं हाय," ती डॉक्टरांना म्हणाली. सगळे हसले. मग ती लाहूकडे वळली, आणि दोन पाड्यांपलीकडे ऐकू जाणारा तो आवाज तिने इतका खाली आणला की फक्त त्यालाच ऐकू जावा.

"भारा अर्धी वाट तू घे, अर्धी मी घेईन. पण ह्या खाटेवर कधी तू पडलास ना डोकऱ्या, तर मी स्टुलावर बसंन, हात धरीन, रात्रंदिवस मोजीन. चिमटा मात्र तुझ्याच बोटाला लावीन."

लाहूने पिशवी खांद्याला अडकवली. हिरीने नेहमीसारखा पिशवीसाठी हात पुढे केला, आणि अर्धी वाट त्याने ती तिला घेऊ दिली.